'पान उघडत नाही' : एका अनुपलब्धीचे निदान

ग्रंथालयाच्या कपाटात अपेक्षित पुस्तक जागेवर नसले, म्हणजे ते ग्रंथालयात नाहीच, असे कोणताही जाणता वाचक म्हणत नाही. ते दुसऱ्या वाचकाकडे गेलेले असेल, बांधणीस पाठविलेले असेल, चुकून दुसऱ्या फळीवर ठेवले गेले असेल, किंवा खरोखरीच गहाळ झाले असेल. चौकशी केल्यावाचून यांपैकी कोणताही निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरते. संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो. संगणकावर एखादे पान उघडले नाही, की 'सदर साधन आता उपलब्ध नाही' असा शेरा प्रबंधाच्या तळटीपेत जातो. आणि पुढील अभ्यासक तोच शेरा प्रमाण मानून त्या साधनाचा शोध सोडून देतो. वस्तुतः 'पान उघडत नाही' हे एका घटनेचे वर्णन नव्हे. एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या अनेक घटना या एकाच वाक्याखाली दडलेल्या असतात. त्यांपैकी थोड्यांच्याच बाबतीत साधन नष्ट झाले असे म्हणता येते.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे अभावाचे ज्ञान करून देणारे स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु त्यास एक महत्त्वाची अट घातली. ती अनुपलब्धी 'योग्य' असली पाहिजे. घट दिसण्यास आवश्यक ती सर्व सामग्री, म्हणजे प्रकाश, निर्दोष दृष्टी आणि सान्निध्य, उपस्थित असूनही घट दिसला नाही, तरच त्याचा अभाव सिद्ध होतो. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून तो तेथे नाही असे म्हणता येत नाही. न उघडणाऱ्या पानासही हाच निकष लावावयास हवा. पान उघडण्याची सामग्री कोणती, ती कोठे कोठे तुटू शकते आणि प्रत्येक ठिकाणच्या तुटीची खूण कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. मागणीचे टप्पे

ब्राउझरमध्ये पत्ता लिहिल्यापासून पान डोळ्यांपुढे येईपर्यंत जे घडते, त्याचे सहा टप्पे मानता येतात. प्रथम संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकात्मक आयपी पत्ता शोधला जातो. हे काम डीएनएस ही नामव्यवस्था करते. पूर्वी जाळ्यातील सर्व यंत्रांची नावे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथे सांभाळल्या जाणाऱ्या एकाच यादीत असत. यंत्रांची संख्या वाढल्यावर ती यादी पुरी पडेना, म्हणून पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली ही विभागलेली व्यवस्था मांडली. दुसऱ्या टप्प्यात त्या पत्त्यावरील सर्व्हरशी संपर्क जोडला जातो. तिसऱ्यात सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो व ब्राउझर ते पडताळून पाहतो. चौथ्यात पानाची मागणी केली जाते आणि सर्व्हर एका तीन आकडी स्थितिदर्शक अंकासह उत्तर देतो. पाचव्यात पानाची अंगे, म्हणजे चित्रे, मांडणीचे नियम आणि प्रोग्रॅमचे तुकडे, स्वतंत्रपणे मागविली जातात. ही अंगे अनेकदा निरनिराळ्या सर्व्हरांवरून येतात. सहाव्या व शेवटच्या टप्प्यात आलेल्या बाइटांची अक्षरे बनून ती पडद्यावर उमटतात.

हा क्रम ध्यानात घेतल्यास निदानाचे एक साधे सूत्र हाती लागते. मागील टप्पा सिद्ध झाल्यावाचून पुढील टप्पा सुरूच होत नाही. यास्तव पुढील टप्प्याची खूण दिसली, की मागील सर्व टप्पे निर्दोष होते असे अनुमान करता येते. मागितलेल्या सर्व्हरने स्वतः '४०४' असे उत्तर दिले, तर नाव सापडले, मार्ग मोकळा होता आणि प्रमाणपत्र मान्य झाले, एवढे सिद्ध झाले. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा चालू करणे व्यर्थ होय. उलट, नावच सापडत नसेल, तर पान आहे की नाही याविषयी काहीच कळलेले नसते. पहिला तुटलेला टप्पा शोधणे, हेच निदान.

२. अन्वय आणि व्यतिरेक

टप्पा शोधण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूस आहे, हे ठरविणे हिताचे असते. त्यासाठी तीन प्रश्न पुरतात. त्याच संगणकावर दुसरी संकेतस्थळे उघडतात काय? तेच पान दुसऱ्या यंत्रावर उघडते काय? तेच पान दुसऱ्या जाळ्यावरून, उदाहरणार्थ विद्यापीठाच्या वाय-फायऐवजी मोबाइलच्या जोडणीवरून, उघडते काय? दुसरी कोणतीच स्थळे उघडत नसतील, तर दोष जवळचा आहे. जाळे बदलताच पान उघडले, तर सर्व्हर निर्दोष ठरतो. कोठूनही उघडत नसेल, तर दोष पलीकडे असण्याचा संभव अधिक.

यानंतर ब्राउझरची पाळी. पूर्वी पाहिलेल्या पानांची अंगे ब्राउझर आपल्या कॅशेमध्ये साठवून ठेवतो; स्थळांनी ठेवलेल्या कुकी नावाच्या नोंदीही त्याच्याजवळ असतात. जुनी नोंद आणि नवे पान यांचा मेळ न बसल्यास पान विस्कटते. प्रायव्हेट खिडकीत या जुन्या नोंदी वापरल्या जात नाहीत व बहुधा जोडलेली एक्स्टेन्शन्सही बंद असतात. तेथे पान नीट दिसले, तर दोष त्या दोहोंपैकी एकात आहे असे समजावे, आणि मग एकेक एक्स्टेन्शन बंद करून पाहावे.

जॉन स्ट्यूअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात व्यतिरेकाची जी पद्धती सांगितली, तिचा आशय असा, की दोन प्रसंगांत एकाच गोष्टीचा फरक असेल, तरच परिणामातील फरकाचे कारण त्या गोष्टीत शोधता येते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कॅशे पुसणे, ब्राउझर बदलणे आणि राउटर पुन्हा सुरू करणे ही तिन्ही कामे एकदम केली, तर पान कदाचित उघडेल. पण का उघडले हे कळणार नाही, आणि तोच दोष पुन्हा उद्भवल्यास अभ्यासक पूर्वीइतकाच अजाण राहील.

३. नाव आणि मार्ग

पहिल्या दोन टप्प्यांतील दोषांच्या खुणा ब्राउझरच्या संदेशातच असतात. मात्र तो संदेश शब्दशः वाचला पाहिजे. 'नाव सापडले नाही', 'संपर्क नाकारला' आणि 'प्रतीक्षेचा कालावधी संपला' हे तीन संदेश वाचकास सारखेच त्रासदायक वाटतात. पण त्यांचे अर्थ भिन्न आहेत. पहिल्यात नामव्यवस्थेकडून पत्ता मिळालेला नाही. दुसऱ्यात त्या पत्त्यावरून जोडणीस स्पष्ट नकार आलेला आहे. म्हणजे पलीकडे बहुधा यंत्र जागे आहे, पण त्यावर पाने देणारा प्रोग्रॅम चालू नाही. तिसऱ्यात कोणतेच उत्तर आले नाही. मार्ग तुटला असेल, मध्ये अडसर असेल, किंवा सर्व्हर भाराने थकला असेल.

तथापि संदेश जे सांगतो ते तुटीचे स्थान होय, तुटीचे मूळ नव्हे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद होती. वाचकांस दिसणारी खूण नामव्यवस्थेतील दोषाची होती, कारण नावे सापडत नव्हती. कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार मूळ कारण निराळेच होते. देखभालीच्या नित्य कामात, जाळ्याच्या मुख्य कण्याची क्षमता अजमावण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच तुटला. अशी आज्ञा अडविण्यासाठी असलेल्या तपासणी-साधनात दोष असल्यामुळे ती अडविली गेली नाही. डेटा सेंटरांशी संपर्क तुटला, की आपल्याकडे येण्याचा मार्ग जाहीर करणे थांबवावे, अशी कंपनीच्या नाम-सर्व्हरांची रचना होती. त्याप्रमाणे त्यांनी केले. परिणामी ते सर्व्हर चालू असूनही जगाला पोहोचण्याजोगे राहिले नाहीत. सर्व पाने जागच्या जागी होती. फक्त त्यांच्याकडे जाणारी वाट कोणास ठाऊक नव्हती. त्या सहा तासांत 'हे स्थळ अस्तित्वात नाही' असे जर कोणी नोंदविले असते, तर ती अंधारातील घटाविषयीची नोंद ठरली असती.

४. प्रमाणपत्र आणि घड्याळ

तिसऱ्या टप्प्यात ब्राउझर 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा देतो. प्रत्येक प्रमाणपत्रास आरंभाची आणि अखेरीची तारीख असते, व ती वाचकाच्या संगणकातील घड्याळाशी ताडून पाहिली जाते. प्रयोगशाळेतील जुन्या संगणकाची घड्याळास वीज पुरविणारी छोटी बॅटरी संपली, म्हणजे त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि बहुतेक सर्व सुरक्षित स्थळे एकाएकी अविश्वसनीय दिसू लागतात. तेथे दोष जाळ्याचा नसून भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहून दुरुस्त करण्याजोगा असतो. वसतिगृहाच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या वाय-फायवर प्रथम लॉगिन करावयाचे राहून गेले असल्यासही असाच इशारा येऊ शकतो. कारण मागितलेल्या पानाच्या जागी जाळे आपले लॉगिनचे पान पुढे करीत असते.

कधी घड्याळ बरोबर असते, पण संगणकाजवळील विश्वासाची यादीच जुनी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणाऱ्या एका जुन्या मूळ-प्रमाणपत्राची मुदत संपली. नव्या यंत्रांवर काही बिघडले नाही. परंतु पुष्कळ काळ अद्ययावत न केलेल्या यंत्रांवर अनेक स्थळे उघडेनाशी झाली. एकच पान एका यंत्रावर उघडते व दुसऱ्यावर नाही, यात विरोधाभास नाही, हे यावरून दिसून येईल. असा इशारा डावलून पुढे जाणे मात्र प्रशस्त नव्हे, विशेषतः जेथे पासवर्ड द्यावयाचा असेल तेथे.

५. स्थितिदर्शक अंक

चौथ्या टप्प्यात सर्व्हर स्वतः बोलतो. म्हणून संशोधकाच्या दृष्टीने त्याची साक्ष सर्वांत मोलाची. ४ पासून सुरू होणारे अंक मागणीत काही अडचण आहे असे सांगतात, ५ पासून सुरू होणारे सर्व्हरकडील बिघाड कबूल करतात. ५०० म्हणजे अंतर्गत दोष. ५०३ म्हणजे सेवा तूर्त बंद. ५०२ व ५०४ म्हणजे मध्यस्थ सर्व्हरला मागील सर्व्हरकडून अनुक्रमे योग्य उत्तर किंवा वेळेत उत्तर मिळाले नाही. यांतील कोणत्याही अंकावरून पान नष्ट झाले असा अर्थ निघत नाही; काही वेळाने पुन्हा पाहणे हाच उपाय.

४ च्या गटात भेद अधिक सूक्ष्म आहेत. ४०३ म्हणजे मागणी समजली, पण परवानगी नाही. विद्यापीठाच्या वर्गणीवर चालणारी नियतकालिके विद्यापीठाच्या जाळ्यावरून उघडतात आणि घरून उघडत नाहीत, तेथे बहुधा हाच प्रकार असतो. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडले नाही. ही अवस्था तात्पुरती की कायमची, याविषयी तो अंक काहीच सांगत नाही. स्थळाची पुनर्रचना होऊन पान दुसऱ्या पत्त्यावर गेले असले, तरी ४०४ च दिसते. 'होते, पण आता कायमचे काढले' असे सांगणारा अंक ४१० होय. मात्र तो क्वचितच योजला जातो. कायदेशीर कारणास्तव पान दाखविता येत नाही, हे सांगण्यासाठी २०१६ साली ४५१ हा अंक मान्य झाला. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ सालच्या ग्रंथदहनावरील कादंबरीच्या नावातून तो घेतला आहे. २०१८ च्या मे महिन्यात युरोपीय संघाचा विदा-संरक्षण नियम लागू झाला, तेव्हा अमेरिकेतील काही वृत्तपत्रांनी युरोपातील वाचकांस आपली पाने बंद केली. तीच पाने इतरत्र उघडत होती. म्हणजे वाचकाचे स्थान हाही अनुपलब्धीचा एक हेतू असू शकतो. परदेशस्थ मराठी अभ्यासकास भारतातील एखादे स्थळ उघडले नाही, तर भारतातील सहकाऱ्याकडून पडताळा घेतल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

याच्या उलट प्रकारचा धोकाही आहे. काही स्थळे पान नसतानाही २०० हा यशाचा अंक देतात आणि 'पान सापडले नाही' हे शब्द केवळ मजकुरात लिहितात, किंवा वाचकास मुकाट्याने मुखपृष्ठावर आणून सोडतात. केवळ अंक मोजणारे यंत्र अशा पानाची गणना जिवंत पानांत करील.

खरोखर नाहीशी झालेली पानेही थोडी नाहीत. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दशकानंतर उपलब्ध राहिली नव्हती. तात्पर्य, अभाव संभवनीय आहे, परंतु तो सिद्ध करावा लागतो.

६. अर्धे उघडलेले पान

पाचव्या टप्प्यात दोष असला, तर पान येते, पण अपुरे. मांडणीचे नियम आले नाहीत, तर सर्व मजकूर डावीकडे एका रांगेत ओळीने लागतो. प्रोग्रॅमचा एखादा तुकडा आला नाही, तर शीर्षक दिसते आणि खाली पांढरा पडदा राहतो. सुरक्षित पानाने आपले अंग असुरक्षित पत्त्यावरून मागितले, तर ब्राउझर ते अडवितो; जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शन्सही कधी कधी आवश्यक तुकडा जाहिरात समजून अडवितात. संगणकावरील बहुतेक ब्राउझरांत एफ-१२ ही कळ दाबली, की तपासणीची साधने उघडतात. त्यांतील 'नेटवर्क' या विभागात प्रत्येक अंगाची मागणी व तिचा स्थितिदर्शक अंक ओळीने दिसतो. तो विभाग उघडा ठेवून पान पुन्हा मागविले असता कोणते अंग अडले, हे अटकळ न बांधता सांगता येते.

काही जुनी पाने मात्र आता कोणत्याच प्रचलित ब्राउझरमध्ये पूर्ण उघडणार नाहीत. फ्लॅश या तंत्राचा आधार ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला, व १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणेही बंद केले. ज्या शैक्षणिक स्थळांनी आपले नकाशे किंवा प्रात्यक्षिके त्या तंत्रात केली होती, तेथे आज रिकामी चौकट दिसते. फाइल सर्व्हरवर असेल, पण ती वाचणारे साधन उरलेले नाही. ही मोडी जाणणारा वाचक नसलेल्या दप्तराची स्थिती होय. दप्तर जळाले असे म्हणता येत नाही.

७. अक्षरांचा घोळ

सहाव्या टप्प्यातील दोष मराठी अभ्यासकास सर्वाधिक भेटतो, आणि त्याचेच निदान सर्वांत कमी वेळा होते. पान पूर्ण आलेले असते, पण वाचता येत नाही. येथे घोळाचे स्वरूप नीट पाहिल्यास कारण बहुधा लगेच उमगते.

पहिला प्रकार रिकाम्या चौकटींचा. अक्षरांचे संकेतांक बिनचूक आलेले असतात. त्यांची चित्रे असलेला फॉन्ट तेवढा यंत्रात नसतो. मजकूर उचलून दुसऱ्या यंत्रावर नेल्यास तो स्वच्छ वाचता येतो.

दुसरा प्रकार संकेतांकन चुकीचे समजल्याचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. ब्राउझरने तेच बाइट पश्चिम युरोपीय लिपीचे समजून वाचले, तर एका देवनागरी चिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हे येतात. त्यांतील पहिले सदैव तेच असते, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए'. दुसरे एक तर चलनाचे सामान्य चिन्ह, नाही तर जपानी येनचे. येनचे चिन्ह प्रायः दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा व पाय मोडण्याचे चिन्ह यांच्या ठिकाणी येते. अशी ठरावीक पुनरावृत्ती दिसली, की मजकूर बहुधा शाबूत आहे व केवळ चुकीच्या पद्धतीने वाचला जात आहे, हे ओळखावे.

तिसरा प्रकार जुन्या फॉन्टांचा. इंडियन स्क्रिप्ट कोड हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती ही दोन्ही १९९१ सालची. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी वृत्तपत्रांची व संस्थांची पाने श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या डीव्ही-टीटी मालिकेसारख्या फॉन्टांत तयार होत. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. तो फॉन्ट नसला, की रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक सरमिसळ दिसते. तीत मागील प्रकारातील पुनरावृत्ती नसते. या फॉन्टांत अक्षराचे नव्हे, तर अक्षराच्या तुकड्याचे संकेतांक असत. अर्धे व्यंजन वेगळे, काना वेगळा. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी साठविली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. म्हणून अशा मजकुराचे रूपांतर त्या त्या फॉन्टच्या तक्त्यानुसार आणि क्रम बदलूनच करावे लागते. फॉन्टचे नाव बहुधा पानाच्या मूळ संहितेत लिहिलेले सापडते. येथे एक परिणाम विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. अशा पानांत 'सहकार' हा शब्द युनिकोडमध्ये लिहून शोधला, तर तो कधीच सापडणार नाही, जरी तो प्रत्येक ओळीत असला तरी. एखाद्या विषयावर त्या काळी मराठीत काही लिहिलेच गेले नाही, असे केवळ शोधयंत्राच्या आधारे म्हणणारा अभ्यासक या ठिकाणी हमखास फसतो.

चौथा प्रकार प्रश्नचिन्हांचा. काळ्या चौकोनी हिऱ्यातील प्रश्नचिन्ह म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला बाइट उलगडले नाहीत; सर्व्हरवरील मूळ बाइट ठीक असू शकतील. परंतु साध्या प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर बहुधा मजकूर साठवितानाच देवनागरी न जाणणाऱ्या पद्धतीत ढकलला गेला आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. मूळ प्रत अन्यत्र नसेल, तर हा नाश कायमचा होय. चारही प्रकारांत मजकूर खरोखरी हरवला असे प्रायः याच ठिकाणी म्हणावे लागते.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे, ज्यात पान बिघडल्याचे दिसतच नाही. मराठीतील 'आचाऱ्यास' या शब्दातील अर्धा र कित्येक मजकुरांत 'झिरो विड्थ जॉइनर' या अदृश्य चिन्हाच्या साह्याने लिहिलेला असतो. मजकूर स्वच्छ करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ते चिन्ह निरुपयोगी समजून काढून टाकले, की 'आचाऱ्यास' चा 'आचार्यास' होतो, आणि 'दऱ्या' चा 'दर्या'. स्वयंपाक्याचा गुरू झाला, डोंगरातील खोलगट जागांचा समुद्र झाला, तरी पान व्यवस्थित उघडलेले असते. म्हणून पान उघडले एवढ्यावरून ते बरोबर उघडले असेही गृहीत धरता येत नाही.

८. नोंदीची पद्धत

वरील विवेचनावरून संशोधकाने नोंद कशी करावी, हे स्पष्ट व्हावे. पान उघडले नाही, तर तारीख व वेळ, कोणत्या जाळ्यावरून व कोणत्या ब्राउझरने पाहिले, आणि संदेश किंवा स्थितिदर्शक अंक शब्दशः, एवढे टिपून ठेवावे. निदान दोन जाळ्यांवरून आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पाहावे. पत्त्याचा शेवटचा भाग गाळून स्थळाच्या मुखपृष्ठावरून शोध घ्यावा. १९९६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हने २००१ पासून खुल्या केलेल्या वेबॅक मशीनमध्ये त्या पत्त्याच्या जुन्या प्रती आहेत काय, हे पाहावे. मात्र तेथील प्रतीत चित्र नसले, तर ते मूळ पानात नव्हते असे समजू नये, कारण ते केवळ साठविले गेले नसण्याचा संभव असतो.

एवढे झाल्यावर जे लिहावयाचे ते तपासणीने जेवढे सिद्ध झाले तेवढेच असावे. 'अमुक दिनांकास, अमुक जाळ्यावरून सर्व्हरने ४०३ असे उत्तर दिले' हे विधान 'साधन उपलब्ध नाही' या विधानापेक्षा लांबट असेल, पण पुढील अभ्यासकास ते उपयोगी पडते. परवानगी मागावी, फॉन्टचा तक्ता शोधावा, की शोध थांबवावा, हे त्यास त्यावरून ठरविता येते. दुसऱ्या विधानाने त्याचा मार्ग बंद होतो. आणि ते साधन कदाचित एका लॉगिनच्या किंवा एका जुन्या फॉन्टच्या अंतरावर तसेच पडून राहते.